चेहरा किती रूपांत पाहिला आहे?

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवला. बारशापासून तेराव्यापर्यंत गावातली माणसं माझ्या कॅमेऱ्यासमोर बसली. या धंद्यात एक सवय आपोआप लागते. चेहरा हातातल्या कागदावर असतो आणि काउंटरपलीकडे उभाही असतो, त्यामुळे दोन्ही सारखे ताडून पाहिले जातात. माणसं केस कापतात, दाढी वाढवतात, चष्मा लावतात, आजारी पडतात, म्हातारी होतात. कुणी कितीही बदललं तरी नजरेला पडताक्षणी ओळखू येतं, तर कुणी नुसती मिशी उतरवली तरी परकं वाटतं. हे असं का, याचा विचार काम करताना मनात चालू असायचा. पुढे या विषयावरचे मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग मराठी-इंग्रजीतून मिळतील तसे वाचले आणि अनुभवाला आधार मिळाला.

माझं मत आता पक्कं आहे. चेहरा आपण किती वेळ पाहिला यापेक्षा तो किती वेगवेगळ्या रूपांत पाहिला, यावर आपली ओळख टिकते. ते का, हे खालच्या दहा मुद्द्यांत सांगतो.

१. नवख्या माणसाचे आपण केस लक्षात ठेवतो

सकाळी पासपोर्ट साईझचा फोटो काढून गेलेला मुलगा संध्याकाळी फोटो न्यायला येतो. मधल्या वेळात त्याने केस अगदी बारीक करून घेतलेले असतात. काउंटरवरचा नवा पोरगा पाकिटं चाळतो, समोर पाहतो, पुन्हा पाकिटं चाळतो. फोटो हातात असूनही त्याला तो दिसत नाही. वडिलांचं दहावं करून, डोकं आणि मिशी उतरवून जो मुलगा फोटो मोठा करून घ्यायला येतो, त्याच्याकडेही बाजारातली अर्धीमुर्धी ओळखीची माणसं क्षणभर परक्यासारखी बघतात.

याचं कारण सरळ आहे. केस आणि कपाळ यांच्यामधली रेघ चेहऱ्यावरची सर्वांत ठळक रेघ असते. पहिल्या भेटीत नजर तीच उचलते. कॅरलिन पॅटरसन आणि ॲलन बॅडली यांनी १९७७ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकदा पाहिलेला चेहरा विग, दाढी, चष्मा बदलून पुन्हा समोर आणला, तर तो ओळखण्याचं प्रमाण चांगलंच घसरतं. केसांचा पगडा केवढा असतो, हे १९९६ मध्ये पवन सिन्हा आणि टोमासो पॉज्जो यांनी एका चित्रातून दाखवलं. चित्रात अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि उपराष्ट्राध्यक्ष अल गोर शेजारी उभे दिसतात. प्रत्यक्षात गोर यांच्या केसांखाली डोळे, नाक आणि तोंड क्लिंटन यांचंच बसवलेलं होतं. पाहणाऱ्यांना बिनदिक्कत दोघे वेगळे दिसत.

म्हणून नव्या माणसाशी ओळख झाली की नजर केसांवरून खाली आणावी. डोळ्यांतलं अंतर, नाकाचा शेंडा, हसताना ओठ कुठे वळतात, हे मुद्दाम पाहावं. केस पुढच्या भेटीत तसेच असतील याची खात्री कुणालाच देता येत नाही.

२. ओळख मुरली की ती चेहऱ्याच्या मधल्या भागात जाते

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाची पूजा असते. आदल्या दिवशी भरजरी शालू, मुंडावळ्या, मेकअप अशा थाटात पाहिलेली नवरी आता साध्या साडीत, धुतलेल्या चेहऱ्याने घरात वावरत असते. सासरकडची लांबची मंडळी तिच्याच हातून चहा घेतात आणि विचारतात, "नवी सून कुठाय?" माहेरची कुणी मैत्रीण मात्र फाटकातूनच तिला ओळखते. चेहरा एकच आहे. एकीने तो शाळेपासून शेकडो रूपांत पाहिला आहे, दुसऱ्यांनी एकाच.

हेडन एलिस, जॉन शेफर्ड आणि ग्रॅहम डेव्हिस यांनी १९७९ मध्ये हा फरक तपासला. प्रसिद्ध, ओळखीचे चेहरे लोकांनी डोळे-नाक-तोंड या मधल्या भागावरून जास्त चांगले ओळखले. अनोळखी चेहऱ्यांच्या बाबतीत मधला भाग आणि केस-कान-हनुवटी यांचा बाहेरचा भाग सारखेच कामाला आले. मधला भाग सहसा बदलत नाही. त्यामुळे मुरलेली ओळख टकलालाही पुरून उरते आणि दाढीलाही.

पण हाच मधला भाग झाकला गेला तर? २०२० साली आपण सगळ्यांनीच ते अनुभवलं. मास्क लावलेल्या चेहऱ्यांवर त्याच वर्षी झालेल्या एका अभ्यासात, चेहरे ओळखण्याची कामगिरी सुमारे १५ टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं. रोजचा भाजीवाला ओळखू आला नाही, अशी खंत त्या काळात पुष्कळांनी बोलून दाखवली. त्यात कुणाच्या स्मरणशक्तीचा दोष नव्हता. ओळख ज्या भागावर उभी असते तोच कापडाखाली गेला होता.

३. भुवयांना कमी लेखू नये

निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करायचो त्या काळापासून मला भुवयांचा धाक आहे. गालावरचा डाग काढला तर घरचे खूश होतात. भुवई जराशी पातळ झाली तर म्हणतात, "छान आलाय, पण हा आमचा वाटत नाही." नेमकं काय बिनसलं ते त्यांना सांगता येत नाही.

पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतून कधी डोळे पुसले, कधी भुवया. डोळे नसलेल्या चेहऱ्यांपेक्षा भुवया नसलेले चेहरे लोकांना ओळखायला जास्त जड गेले. भुवया ठळक असतात, लांबूनही दिसतात आणि वयानुसार फारशा जागा बदलत नाहीत. नजरेला त्यांचा आधार वाटतो तो यामुळे.

हे कळल्याचा उपयोग मला एका वेगळ्याच ठिकाणी झाला. कर्करोगाच्या औषधोपचारात केस गळतात, आणि पुष्कळदा भुवयाही. अशा बायका फोटो काढायला संकोचतात. "डोक्याला रुमाल बांधला तरी मी मला दिसत नाही," असं एक ताई म्हणाल्या होत्या. त्यांच्या मुलीला मी आधी पेन्सिलीने भुवया रेखायला सांगितलं, जुन्या फोटोत होत्या तशाच. आरशात पाहून ताई म्हणाल्या, "आता जरा मी वाटते." कुणाच्या घरी असं आजारपण असेल त्यांना माझं हेच सांगणं आहे: विगचं नंतर बघा, आधी भुवया रेखा.

४. एकाच माणसाचे दोन फोटो नवख्याला दोन माणसं वाटतात

माणूस काहीच न बदलता फोटोत बदलतो. कॅमेरा हातभर अंतरावर धरला की नाक मोठं येतं, कान मागे सरकतात, चेहरा निमुळता होतो. तोच माणूस सहा-सात फुटांवर बसवून काढला की चेहरा रुंद आणि भरलेला दिसतो. उजेड वरून पडला तर डोळे खोल जातात, समोरून पडला तर चेहरा सपाट होतो. मोबाईलवरच्या सेल्फीतला माणूस आणि स्टुडिओतला माणूस यांत भाऊभाऊ असल्याइतका फरक पडू शकतो.

रॉब जेन्किन्स आणि सहकाऱ्यांचा २०११ मधला प्रयोग मला यासाठी फार मोलाचा वाटतो. त्यांनी नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध व्यक्तींचे मिळून ४० फोटो लोकांपुढे ठेवले आणि सांगितलं, एका माणसाचे फोटो एका गठ्ठ्यात लावा. ब्रिटनमधल्या ज्या लोकांनी त्या दोघींना कधी पाहिलंच नव्हतं, त्यांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. नेदरलँड्सच्या लोकांनी सहज दोन. फोटो तेच, डोळे तसेच, फरक ओळखीचा.

सरावाने ही अडचण सुटते असंही नाही. ऑस्ट्रेलियात पासपोर्ट देणाऱ्या अधिकाऱ्यांची २०१४ मध्ये चाचणी झाली. समोर उभा माणूस आणि फोटोतला माणूस वेगळा असताना सुमारे १४ टक्के वेळा त्यांनी तो एकच मानला. नोकरीची वर्षं वाढली म्हणून चुका कमी झाल्या नव्हत्या. तेव्हा बँकेत किंवा परीक्षा केंद्रावर कुणी ओळखपत्र आणि चेहरा दोनदा न्याहाळला तर रागावू नये. त्याचं काम दिसतं त्याहून अवघड आहे. ओळखपत्रासाठी फोटो थोडा लांबून, समोरच्या उजेडात आणि आपण रोज दिसतो तसाच काढून घ्यावा.

५. जुना फोटो ओळखणं वेगळं, जुना मित्र ओळखणं वेगळं

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांचे फोटो मी पुष्कळ काढले. दहावीचा ग्रुप फोटो मोठा करून दाराशी लावलेला असतो. त्याच्याभोवती गर्दी होते. "हा बघ मागच्या रांगेतला कोल्हापूरचा", "ही पीटीला नेहमी पहिली", "हा सरांच्या शेजारचा". एकेक चेहरा धडाधड ओळखला जातो. आणि ज्याचं नाव घेतलं तो माणूस तिथेच खांद्याला खांदा लावून उभा असतो, पांढऱ्या केसांचा, जाड भिंगांचा. त्याच्याकडे कुणाचं लक्षही नसतं.

अमेरिकेत हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये शाळा सोडून वेगवेगळा काळ लोटलेल्या ३९२ जणांची स्मरणशक्ती तपासली होती. वर्गमित्रांचे जुने फोटो लोकांनी ३५ वर्षांनंतरही जवळपास ९० टक्के बरोबर ओळखले. स्मृती किती चिवट असते याचा दाखला म्हणून हा अभ्यास सांगितला जातो, आणि ते खरंच आहे. पण तिथे फोटो शाळेतलेच होते. मनातला चेहरा आणि समोरचा चेहरा एकाच काळातले होते.

मेळाव्यात तसं नसतं. मनात सोळा वर्षांचा मुलगा असतो आणि समोर आजोबा. मधल्या सगळ्या वर्षांतली रूपं आपण पाहिलेलीच नसतात. शेजारी राहणाऱ्या मित्राचं म्हातारपण आपल्याला परकं वाटत नाही, कारण ते रोज थोडं थोडं आपल्यासमोर आलं. लांब राहिलेल्याचं ते एकदम समोर येतं.

अशा वेळी आवाज आणि हसणं मदतीला धावतं. समोरचा बोलू लागतो, एखाद्या शब्दावर मान वळवतो, आणि बघता बघता म्हाताऱ्या चेहऱ्यात तो मुलगा दिसायला लागतो. एकदा दिसला की पुन्हा हरवत नाही. मेळावा भरवणाऱ्यांना मी नेहमी सुचवतो की छातीवरच्या बिल्ल्यावर नावासोबत त्या माणसाचा शाळेतला छोटा फोटो लावा. जुना आणि नवा चेहरा शेजारी आले की संकोच मोडतो आणि गप्पा पहिल्या पाच मिनिटांत रंगतात.

६. रोज पाहणाऱ्याला बदल जाणवतो, पण कोणता ते सांगता येत नाही

मिशी काढलेल्या नवऱ्याकडे बायको बघत राहते आणि म्हणते, "आज काहीतरी वेगळं दिसतंय." चष्म्याची काडी बदलली, केसांचा भांग बदलला, तरी असंच होतं. ज्याला आपण पूर्ण ओळखतो त्याचे अवयव आपण सुटे सुटे पाहत नाही; चेहरा एकसंध आत येतो. म्हणून घरच्या माणसाचं वर्णन करायला सांगितलं तर भले भले अडखळतात. आईला विचारावं, मुलाचं नाक कसं आहे? तिला सांगता येणार नाही. हजारांच्या गर्दीत ती त्याला क्षणात शोधेल.

७. "माणूस बदलतोच" हे मानलं की परकाही आपला वाटू शकतो

रूप बदलल्यामुळे आपला माणूस परका वाटतो, हे एक टोक झालं. दुसरं टोक आपल्या इतिहासातच आहे. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते गेले यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनाही तो बसला नाही. मग "मीच भाऊ" म्हणणारा तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये कोकणात त्याच्यामागे माणसं आणि फौज गोळा झाली, आणि अखेर पुण्याच्या कारभाऱ्यांनी त्याला पकडून, चौकशी करून देहान्त शिक्षा दिली. पंधरा वर्षांचा काळ त्याच्या बाजूने होता. चेहरा जुळला नाही तरी "एवढ्या वर्षांत, एवढ्या हालअपेष्टांत माणूस बदलणारच" हे उत्तर तयार होतं. लोकांना भाऊ परत हवे होते, आणि हवंसं असलं की नजर उणीव भरून काढते.

बंगालातल्या भावल संन्याशाची कथा याच्या उलट दिशेने गेली. भावलचे कुमार रमेंद्रनारायण रॉय १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारले असं जाहीर झालं होतं. बारा वर्षांनंतर ढाक्यात राख फासलेल्या, जटा वाढवलेल्या एका संन्याशाने आपणच ते कुमार असल्याचं सांगितलं. बहिणीने त्याला भाऊ म्हणून ओळखलं. पत्नीने शेवटपर्यंत नाकारलं. खटल्यात हजाराहून अधिक साक्षीदार झाले, आणि १९३६ पासून १९४६ पर्यंत जिल्हा न्यायालय, कलकत्ता उच्च न्यायालय आणि लंडनची प्रिव्ही कौन्सिल या तिन्ही ठिकाणी निकाल संन्याशाच्या बाजूने लागला. नुसत्या चेहऱ्यावर निकाल लागेना तेव्हा अंगावरच्या खुणा, चालण्याबोलण्याची लकब, जुन्या आठवणी सगळं तपासावं लागलं. मोठ्या काळानंतरची ओळख अशीच अनेक बाजूंनी पारखून घ्यावी. एकट्या चेहऱ्यावर एवढा भार टाकणं हा ओळखणारा आणि ओळखला जाणारा या दोघांवरही अन्याय आहे.

८. एकदाच पाहिलेल्या चेहऱ्याबद्दलची खात्री जपून वापरावी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९८४ मध्ये जेनिफर थॉम्पसन या तरुणीवर बलात्कार झाला. त्याही स्थितीत तिने हल्लेखोराचा चेहरा निश्चयाने न्याहाळला होता. पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून तिने रोनाल्ड कॉटन या तरुणाचा फोटो निवडला आणि पुढे ओळख परेडमध्येही त्यालाच निवडलं. तिची खात्री पूर्ण होती आणि हेतू शुद्ध होता. दहा वर्षांहून अधिक काळ कॉटन तुरुंगात राहिला. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने तो निर्दोष ठरला. खरा गुन्हेगार मधल्या काळात न्यायालयात तिच्यासमोर उभा केला होता, तेव्हा तिने त्याला ओळखलं नव्हतं. फोटोतल्या चेहऱ्याने मूळ आठवणीची जागा घेतली होती.

आपल्याकडे ओळख परेडच्या वेळी संशयितासोबत दिसायला मिळतेजुळते, निदान सहा जण उभे करावेत असा दंडक आहे. त्याचं महत्त्व इथे कळतं. दाढीवाला एकच उभा केला तर साक्षीदार चेहरा न ओळखता दाढीच ओळखेल. आपल्यावर कधी साक्ष द्यायची वेळ आली तर इतरांशी चर्चा करण्याआधी, कुठलाही फोटो पाहण्याआधी, आठवतं ते त्याच दिवशी लिहून काढावं. कपडे, टोपी, केस हे सांगा, पण ते बदलता येतात हे ध्यानात ठेवून सांगा. आणि खात्री नसेल तर "खात्री नाही" म्हणण्याचं धैर्य ठेवा. त्या दोन शब्दांनी कुणाचं तरी आयुष्य वाचू शकतं.

९. "ओळखलंत का मला?" हा प्रश्न सोडून द्यावा

लग्नसमारंभात हा प्रश्न ऐकला की मला विचारला जाणाऱ्याची कणव येते. समोरचा वीस वर्षांनी भेटलेला असतो, दाढी वाढलेली, पोट सुटलेलं, आणि कौतुकाने परीक्षा घेत उभा. बिचारे मामा कसंनुसं हसतात. त्यात वय झालेलं असेल, मोतीबिंदू असेल, विसराळूपणा सुरू झाला असेल, तर ही परीक्षा त्यांच्या जिव्हारी लागते.

काही माणसांना तर चेहरे ओळखण्याचीच उपजत अडचण असते. डोक्याला मार लागूनही ती येते. जर्मन डॉक्टर योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये तिला नाव दिलं. अशी माणसं केस, चष्मा, चाल, आवाज यांवरून आपल्या माणसांना धरून ठेवतात. मैत्रिणीने केस कापले की त्यांच्या लेखी ती गर्दीत नाहीशी होते. लोक त्यांना गर्विष्ठ समजतात, आणि ते निमूटपणे सोसतात.

म्हणून आपणच आधी नाव सांगावं. "काका, मी अमुक, वरच्या आळीतल्या तमक्यांचा धाकटा." नाव, गाव, नातं एका दमात सांगितलं की समोरच्याचा चेहरा उजळतो आणि मग तोच म्हणतो, "अरे हो, किती बदललास!" ओळख न लागणं हा अपमान नसतो. आपण लांब राहिलो, मधली रूपं त्याला दिसली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

१०. घरच्या प्रत्येकाचे निरनिराळ्या रूपांतले ताजे फोटो ठेवा

हरवलेल्या माणसाच्या फोटोच्या प्रती काढायला घरचे धावत स्टुडिओत येतात, ती वेळ फार अवघड असते. घाईत हाताला लागतो तो लग्नातला फोटो: डोक्याला फेटा, कपाळाला नाम, चेहऱ्यावर पावडर. हरवलेले आजोबा मात्र आठवडाभराची दाढी वाढलेले, चष्मा नसलेले, उघड्या डोक्याने कुठल्यातरी एसटी स्टँडवर बसलेले असतात. पोस्टर पाहणारा प्रत्येक जण त्यांना नवखा असतो, आणि नवखा माणूस केस, दाढी, चष्मा यांवरूनच ओळखतो. त्याला एकच थाटाचा फोटो दिला तर शेजारी बसलेले आजोबाही त्याला दिसणार नाहीत.

अशा पोस्टरवर दोन-तीन फोटो असावेत: दाढीसह आणि दाढीशिवाय, चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय, समोरून आणि बाजूने. लहान मुलांचे चेहरे तर भराभर बदलतात. आधारसाठी मुलांचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे ठसे पाच वर्षांनंतर पहिल्यांदा आणि पंधराव्या वर्षी पुन्हा घ्यावे लागतात. चेहऱ्याने एवढं थांबायचं काहीच कारण नाही. शाळा सुरू होताना दरवर्षी मुलाचा एक साधा, समोरच्या उजेडातला फोटो काढा आणि तारीख घालून ठेवा. वारीला निघणाऱ्या आजीचा फोटो निघायच्या सकाळी, त्याच लुगड्यात काढा. घरातल्या विसराळू होत चाललेल्या वडीलधाऱ्यांचे फोटो दर दोन-तीन महिन्यांनी नवे करा आणि ते घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असू द्या.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, त्याला माझ्यासारख्या फोटोग्राफरची गरज नाही. सणासुदीच्या नटलेल्या चेहऱ्यांसोबत रोजचे चेहरेही टिपून ठेवा: झोपेतून उठलेले, तेल लावलेले, आजारातून उठलेले, दाढी वाढलेले. आपल्या माणसाची जितकी रूपं आपल्याजवळ आणि आपल्या मुलांजवळ असतील, तितका तो काळाने, आजाराने किंवा अंतराने बदलला तरी आपल्याला सापडेल.